फोटो आले, नावं मागे राहिली: डिजीकॅमचा डेटाबेस विंडोजवरून लिनक्सवर नेताना

भिगवणमध्ये 'स्थलांतर' या विषयावर व्याख्यान आहे म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटलं असणार की आज रोहित आणि पट्टकादंब यांच्याबद्दल ऐकायला मिळणार. दोघे-तिघे तर दुर्बीण गळ्यात घालूनच आलेले दिसतायत. पक्षी येतील बोलण्यात, काळजी करू नका. पण आजचं स्थलांतर कॉम्प्युटरमधलं आहे. एका कॉम्प्युटरवरचा फोटोंचा संग्रह दुसऱ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवर नेणं, म्हणजे विंडोजवरून लिनक्सवर. आणि नेताना त्या फोटोंबद्दल आपण जे काही लिहून ठेवलंय ते हरवू न देणं.

आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षं उजनीच्या फुगवट्यावर फोटो काढतो. कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव, हा आमचा पट्टा. हिवाळ्यात रविवारी पहाटे नावेत, आणि परत आलं की चिलापीचं कालवण, हा क्रम तुम्हाला सांगायला नको. फोटो हजारोंनी जमतात. ते सगळे एका सामायिक कॉम्प्युटरवर ठेवायचे आणि 'डिजीकॅम' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावायचे, असं आमचं चालू होतं. डिजीकॅम २००१ पासून आहे, मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. म्हणून तर निवडलं होतं. उद्या कॉम्प्युटर बदलला तरी अडायला नको, एवढा दूरचा विचार केला होता म्हणायचा!

मग १४ ऑक्टोबर २०२५ आला. त्या दिवशी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते आमच्या जुन्या मशीनमध्ये नाही. चांगलं चालणारं मशीन भंगारात कशाला घालायचं, लिनक्स टाकू, असं ठरलं. आम्ही काय केलं? सगळे फोटो एका बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतले, दुसऱ्या एका जुन्या लॅपटॉपवर आधी लिनक्स टाकून बघितलं, त्यात डिजीकॅम घातलं, फोटो कॉपी केले आणि उघडलं.

फोटो सगळे आले. एकही कमी नाही. आणि तरीही पोटात गोळा आला.

कारण फोटोंवरची नावं अर्धीच आली होती. काही फोटोंवर 'चित्रबलाक', 'नदी सुरय' दिसतंय. त्याच सकाळी, त्याच नावेतून, त्याच पक्ष्याचा काढलेला पुढचा फोटो कोरा. अल्बमखाली लिहिलेल्या टिपा तर एकही नाही. या टिपा आमच्यातले एक काका लिहायचे. कोणत्या चिखलावर तुतवार बसलेले, पाणी कुठपर्यंत होतं, नावाडी काय म्हणाला, पट्टकादंबाच्या पायात कडं दिसलं का. काका आता नाहीत. फोटो पुन्हा काढता येतील, किमान तसे दुसरे काढता येतील. त्या टिपा पुन्हा कोण लिहिणार?

आमचं नशीब की जुनं मशीन पुसलं नव्हतं. तेव्हा पहिली गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, पुढचं ऐकलं नाही तरी चालेल: नवं सगळं नीट तपासून होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करायची नाही. घाई असली तरी नाही, डिस्क दुसऱ्या कामाला हवी असली तरी नाही.

आता असं का झालं ते बघू.

आपल्याला वाटतं की डिजीकॅममध्ये फोटोला 'रोहित' असं नाव दिलं की ते नाव फोटोला चिकटलं. तसं असतंच असं नाही. पक्ष्याच्या पायात कडं घालतात ना, तसं बघा. बीएनएचएससारखी संस्था पक्ष्याला कडं घालते तेव्हा दोन गोष्टी होतात. कड्यावर क्रमांक कोरलेला असतो, तो पक्ष्याबरोबर जातो, अगदी मंगोलियापर्यंत. आणि कुठे, कधी, कोणी कडं घातलं, वजन किती, ही सगळी माहिती नोंदवहीत राहते. नोंदवही उडत नाही. डिजीकॅमचा डेटाबेस ही नोंदवही आहे. आणि फोटोच्या फाईलच्या आत जी माहिती लिहिता येते ते कडं. तुम्ही टॅग दिला की तो नोंदवहीत लिहिला जातो हे नक्की. कड्यावरही कोरायचा की नाही, हे सेटिंगवर ठरतं.

आमच्याकडे काय होतं, तर जेपेग फाईलमध्ये टॅग लिहायची सोय चालू होती. पण आमच्यातले निम्मे लोक रॉ मध्ये फोटो काढतात. रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल, निगेटिव्हसारखी. डिजीकॅम आपणहून रॉ फाईलच्या आत काही लिहीत नाही, आणि ते बरोबरच आहे. निगेटिव्हवर पेनानं कशाला लिहायचं? तिथे शेजारी एक छोटी फाईल ठेवतात, तिला साइडकार म्हणतात. मोटारसायकलला जोडलेली ती जुन्या सिनेमातली डबी असते, तेच नाव. ही एक्सएमपी प्रकारची साधी मजकुराची फाईल असते आणि तिच्यात टॅग, तारे, वर्णन सगळं बसतं. ती सोय आम्ही कधी चालूच केली नव्हती. म्हणून जेपेगची नावं आली, रॉ ची नाहीत.

अर्धं येणं हे काहीच न येण्यापेक्षा वाईट, असं आमचं मत झालंय. काहीच आलं नसतं तर लगेच कळलं असतं. अर्धं आलं की माणूस वरवर चार फोटो बघतो, 'आलं सगळं' म्हणतो, आणि जुनी डिस्क पुसून टाकतो.

आता नोंदवहीकडे वळू. डिजीकॅमचा डेटाबेस साधारणपणे एसक्यूलाइट या प्रकारात असतो. एसक्यूलाइट म्हणजे वेगळा सर्व्हर वगैरे काही नाही, एक फाईल. आणि तिची मोठी सोय अशी की तीच फाईल विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर जशीच्या तशी उघडते. ३२ बिट, ६४ बिट, कशानेच फरक पडत नाही. म्हणजे डेटाबेसचं 'भाषांतर' करावं लागत नाही. लोकांना भीती वाटते ती इथली, आणि इथे भिण्यासारखं काही नसतं. अडचण फाईलमध्ये नाही, फाईलमध्ये लिहिलेल्या पत्त्यांमध्ये आहे.

पत्त्याचं उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. भीमेवर उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, यशवंतसागर भरला, आणि पळसदेवसारखी गावं वर सरकली. पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात राहिलं, पाणी खूप उतरलं की अजून दिसतं. आता समजा, गावातल्या प्रत्येक घराच्या कागदावर पूर्ण पत्ता लिहिलाय: जिल्हा, तालुका, गाव, आळी, घर. गाव हललं की प्रत्येक कागद दुरुस्त करायचा. पण समजा, घराच्या कागदावर फक्त 'अमुक आळी, तमुक घर' लिहिलंय आणि गाव कुठे आहे ते चावडीवर एकाच पाटीवर लिहिलंय. मग पाटी बदलली की काम झालं. खरं पुनर्वसन इतकं सोपं नव्हतं हे इथे बसलेल्या थोरांना आम्ही सांगायची गरज नाही, कॉम्प्युटरपुरतं बोलतोय.

डिजीकॅमनं ही दुसरी पद्धत घेतलीय. डेटाबेसमध्ये 'अल्बमरूट्स' नावाचा एक छोटा तक्ता असतो. आमच्याकडे त्यात एकच ओळ होती. ती सांगते की संग्रहाचं मूळ फोल्डर कोणत्या डिस्कवर, कुठे आहे. दुसरा तक्ता 'अल्बम्स'. त्यात मुळापासून पुढचा मार्ग: '/२०१९/कुंभारगाव'. तिसरा 'इमेजेस', त्यात फक्त फाईलचं नाव आणि ती कोणत्या अल्बमात आहे त्याचा क्रमांक. टॅग या तिसऱ्या तक्त्यातल्या क्रमांकाला बांधलेले असतात. म्हणजे विंडोजचा 'डी ड्राइव्ह' जाऊन लिनक्सचा '/होम' आला तरी हजारो ओळींना हात लावायचा नाही, एक ओळ बदलायची.

सगळी सॉफ्टवेअर इतकी समंजस नसतात. कोडी हे घरच्या टीव्हीवर सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, पोस्टरच्या चित्रांचे पत्ते वेगळे. तिथे ओळीच्या ओळी बदलाव्या लागतात, शिवाय विंडोजची उलटी तिरकी रेघ लिनक्सची सुलटी करायची. म्हणून कोडीवाल्यांना आम्ही सांगू की आधी लायब्ररी एक्स्पोर्ट करा, म्हणजे प्रत्येक सिनेमाची माहिती त्याच्या शेजारच्या फाईलमध्ये उतरते. उलट पुस्तकांचं कॅलिबर: त्याचा डेटाबेस पुस्तकांच्याच फोल्डरमध्ये असतो आणि मार्ग तिथूनच मोजलेले, त्यामुळे पूर्ण फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं की झालं. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉगही आतून एसक्यूलाइटच आहे आणि हरवलेलं फोल्डर दाखवून द्यायची सोय त्यात आहे, पण ते लिनक्सवर चालत नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

तर मग दुसऱ्या खेपेला आम्ही काय केलं, ते क्रमानं सांगतो.

जुन्या मशीनवर परत गेलो. पहिल्यांदा सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, आणि ती डिस्क एकाच्या घरी कपाटात. मग डिजीकॅमच्या सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या पानावर टॅग, तारे, वर्णन फाईलमध्ये लिहायची सोय चालू केली, आणि रॉ साठी साइडकार, लिहायची आणि वाचायची दोन्ही. वाचायची राहिली तर नव्या मशीनवर साइडकार नुसत्या पडून राहतात. मग टूल्समधल्या मेंटेनन्समध्ये जाऊन डेटाबेस आणि फाईल यांचा मेळ घालायचं काम लावलं. इथे दिशा नीट वाचा. डेटाबेसमधून फाईलकडे. उलटी दिशा निवडलीत तर कोऱ्या फाईल वाचून डेटाबेसवर लिहिण्याचा धोका. आम्ही दोघांनी मिळून तीन वेळा वाचलं, मग बटण दाबलं. रात्रभर चाललं. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून इन्व्हर्टरवर लावा किंवा वर्षावर्षाचे अल्बम पाडून थोडं थोडं करा.

दुसरं, आवृत्ती. विंडोजवर आमचं डिजीकॅम जुनं होतं. डेटाबेसची आतली रचना आवृत्तीगणिक बदलते. नवं डिजीकॅम जुना डेटाबेस उघडून सुधारून घेतं, पण जुनं डिजीकॅम नवा डेटाबेस उघडत नाही. आणि लिनक्सच्या भांडारातून मिळणारं डिजीकॅम कधीकधी मागचं असतं. आम्ही दोन्हीकडे एकच आवृत्ती ठेवली. लिनक्ससाठी डिजीकॅमवाले स्वतः ॲपइमेज देतात, ती एकच फाईल उतरवून चालवायची, फार सोपं.

तिसरं, डेटाबेसची कॉपी काढताना डिजीकॅम पूर्ण बंद हवं. नुसतं खाली घेतलेलं नाही, बंद. चालू असताना काही नोंदी शेजारच्या तात्पुरत्या फाईलमध्ये असू शकतात, मुख्य फाईलमध्ये अजून उतरलेल्या नसतात. चार फाईल बघायच्या: मुख्य डेटाबेस, छोट्या चित्रांचा, चेहऱ्यांचा, आणि सारखेपणा शोधण्याचा. छोट्या चित्रांचा राहिला तर काही बिघडत नाही, पुन्हा तयार होतो, फक्त वेळ जातो. मुख्य राहिला तर सगळंच राहिलं.

चौथं, फोटो कॉपी करताना फाईलच्या तारखा टिकतील अशा रीतीनं करा, आरसिंक वापरत असाल तर तसा पर्याय देऊन. नाहीतर सगळ्या फाईल आजच बदलल्यासारख्या दिसतात आणि डिजीकॅम त्या पुन्हा वाचत बसतं.

आणि मग ती पाटी. लिनक्सवर पहिल्यांदा उघडण्याआधी आम्ही डेटाबेस 'डीबी ब्राउझर' नावाच्या मोफत साधनात उघडून नुसता बघितला. अल्बमरूट्समध्ये 'डी ड्राइव्ह' असं काही लिहिलेलं नसतं, डिस्कचा ओळख क्रमांक लिहिलेला असतो. हा क्रमांक डिस्क फॉरमॅट केली की बदलतो, आणि विंडोजला दिसणारा आणि लिनक्सला दिसणारा क्रमांक सारखाच असेल असा भरवसा धरू नका. म्हणून नव्या मशीनवर डिजीकॅमला संग्रह सापडणार नाही, हे धरूनच चाला. घाबरायचं नाही. संग्रह न सापडणं हा धोका नाही, बरं का. डिस्क जोडलेली नसेल असं समजून डिजीकॅम सगळं तसंच ठेवतं.

धोका दुसरीकडे आहे. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये सेटिंग्जच्या संग्रहाच्या पानावर मार्ग बदलायचं बटण आहे, आम्ही तेच वापरलं. समजा, तुमचं मूळ फोल्डर 'उजनी' आहे आणि तुम्ही चुकून त्याच्या वरचं 'फोटो' दाखवलंत. आता डिजीकॅमला वाटतं की संग्रह तर सापडला, पण त्यातलं '/२०१९/कुंभारगाव' गायब! म्हणजे मालकानं पुसलं. मग ते त्या सगळ्या फोटोंची 'काढून टाकलेले' अशी नोंद करतं, आणि 'फोटो/उजनी/२०१९/कुंभारगाव' इथे नवेच फोटो सापडले असं समजतं. एक पायरी चुकली की असं होतं. म्हणून आधी सेटिंग्जमधलं सुरुवातीलाच नवे फोटो शोधायचं काम बंद करा, मार्ग नीट एका पायरीवर लावा, एक-दोन अल्बम उघडून बघा, मगच शोध चालू करा. आणि डेटाबेसची प्रत बाजूला आहेच.

इथवर बहुतेकांना जमतं. आता खास आपल्या भाषेतली अडचण, आणि यावर आम्ही थोडं रेंगाळणार आहोत. कारण आम्हाला मराठीत हे कुणी सांगितलं नाही.

सगळं झाल्यावर आमचे तीन अल्बम रिकामे आले. बाकी सगळे बरोबर. फोल्डर डिस्कवर दिसतंय, फोटो आत आहेत, डेटाबेसमध्येही तेच नाव दिसतंय. अक्षर न् अक्षर तेच. तरी जुळत नाही. त्या तिन्ही नावांत काय समान होतं? एकात 'किनाऱ्यावर', एकात 'बगळ्यांच्या साऱ्या जोड्या', एकात 'पाणी उतरल्यावर दिसणाऱ्या पायऱ्या'. शोधून शोधून शेवटी लक्षात आलं: तिन्हीत तो पापणीसारखा 'ऱ' आहे.

कॉम्प्युटरच्या दृष्टीनं हा 'ऱ' दोन रीतींनी लिहिता येतो. एक, अखंड अक्षर म्हणून, युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा आहे. दोन, साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, असे दोन तुकडे. युनिकोडच्या नियमानं हे दोन्ही एकच मानायचे. पण लिनक्स फाईलच्या नावाकडे अक्षरं म्हणून बघतच नाही, नुसती बाइटची ओळ म्हणून बघतं. बाइट वेगळे तर नाव वेगळं. 'किनाऱ्यावर' अखंड लिहिलं तर दहा चिन्हं होतात, म्हणजे ३० बाइट. तुकडे केले तर अकरा, ३३ बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक.

पण तुकडे केले कोणी? आमच्यातल्या एकाकडे जुना मॅक आहे. मॅकची जी जुनी डिस्कपद्धत होती, एचएफएस प्लस, ती नावं ठेवतानाच अशी अक्षरं फोडून ठेवायची. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आली, ती तसं करत नाही, पण जुन्या बाहेरच्या डिस्क अजून एचएफएस प्लसच्या असतात. त्या तीन सहलींचे फोटो तिच्यावरून घेतले गेले, नावं फुटलेली आली, आणि डेटाबेसमध्ये मात्र विंडोजवर टाइप केलेलं अखंड नाव. उपाय सोपा निघाला: 'कॉन्व्हएमव्ही' नावाचं लिनक्सचं एक छोटं साधन आहे, ते नावं पुन्हा अखंड रूपात आणतं. आरसिंकमध्येही अशी रूपांतराची सोय आहे. काम पाच मिनिटांचं, शोधायला दोन संध्याकाळी गेल्या.

यात अजून एक मेख आहे. काही कीबोर्डवर 'ऱ्य' टाइप केला की तो 'र', हलन्त, मग एक न दिसणारा जोडक आणि 'य' असा लिहिला जातो. दिसायला तोच. पण हा प्रकार युनिकोड वरच्या दोघांशी एक मानत नाही, त्यामुळे ते साधन याला हात लावत नाही. 'ॲ' चंही तसंच, कुणी अखंड 'ॲ' लिहितं, कुणी 'अ' वर चंद्र देतं. हे हातानंच बदलावं लागतं. म्हणून आम्ही आता ठरवलंय की फोल्डरची नावं एकाच माणसानं, एकाच कीबोर्डवरून द्यायची. लोक हसतात, हसू देत.

आणि लांबी. विंडोजवर एका फोल्डरच्या नावात २५५ चिन्हं बसतात. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कपद्धतीत, ईएक्सटी४ मध्ये, मर्यादा २५५ बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे आपल्याला ८५ चिन्हं. फोल्डरच्या नावातच पूर्ण हकीकत लिहिणारे लोक असतात, आमच्यातही आहेत. विंडोजवर ते खपतं, लिनक्सवर कॉपी होताना अडतं. ही नावं आधी जुन्या मशीनवरच, आणि डिजीकॅमच्या आतूनच बदला, म्हणजे डेटाबेसलाही कळतं. उलट दिशेनं, लिनक्सवरून विंडोजकडे जाणाऱ्यांनी नावात विसर्गासारखी दोन टिंबं आणि प्रश्नचिन्ह शोधावं. 'सकाळ ६:३०' किंवा 'कैकर की घार?' अशी नावं विंडोज घेत नाही. कॅपिटल-स्मॉलचा फरक लिनक्स मानतं, विंडोज मानत नाही, हे तुम्हाला माहीत असेल.

तपासायचं कसं? आम्ही दोन्हीकडे तीन आकडे लिहून घेतले: एकूण फोटो, एकूण टॅग, आणि 'एकही टॅग नाही' असे फोटो. शेवटचा आकडा महत्त्वाचा, पहिल्या खेपेला तोच फुगला असता आणि आम्हाला लगेच कळलं असतं. शिवाय पट्टकादंब, शेकाट्या, पाणटिवळा असे चार-पाच टॅग घेऊन प्रत्येकाचे फोटो दोन्हीकडे मोजले.

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न: आमच्या होमस्टेत तीन कॉम्प्युटर आहेत. डेटाबेस नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवून तिन्हीकडून वापरला तर?)

एसक्यूलाइटचा नको. नेटवर्कवर एकाच वेळी दोघांनी लिहिलं तर ती फाईल बिघडू शकते. फोटो नेटवर्कवर ठेवायला हरकत नाही. डेटाबेस सामायिक हवाच असेल तर डिजीकॅम मारियाडीबीवरही चालतं, पण ते सांभाळायला घरात कुणीतरी जाणकार लागतं. तुमच्या जागी आम्ही असतो तर टॅग लावायचं काम एकाच कॉम्प्युटरवर ठेवलं असतं, बाकीच्यांवर पाहुण्यांना फोटो दाखवायचे.

(प्रश्न: टॅग फाईलमध्ये लिहून झाले, मग डेटाबेस न्यायचाच कशाला? नवीन मशीनवर फाईल वाचून नवा बनवला तर चालणार नाही का?)

टॅग, तारे, वर्णन एवढंच असेल तर चालेल, आणि स्वच्छही होईल. शिवाय हे टॅग एक्सएमपीत अशा रीतीनं लिहिले जातात की दुसरी सॉफ्टवेअरही ते वाचू शकतात. पण सगळं फाईलमध्ये उतरत नाही. एकावर एक ठेवलेल्या फोटोंचे गट, साठवलेले शोध, चेहरे ओळखायला शिकवलेलं सगळं, हे नोंदवहीतच राहतं. आणि अल्बमच्या टिपा. अल्बम म्हणजे फोल्डर, आणि फोल्डरला कडं घालता येत नाही.

(प्रश्न: मग काकांच्या टिपांचं काय केलंत?)

त्या डेटाबेसबरोबर आल्या, सगळ्या. पण त्या आता एकाच ठिकाणी राहू द्यायच्या नाहीत असं ठरवलं. डीबी ब्राउझरमध्ये अल्बम्सचा तक्ता उघडला, त्यात मार्ग, तारीख आणि टीप असे रकाने आहेत, ते सीएसव्ही फाईल म्हणून बाहेर काढले. ती फाईल कॅल्कमध्ये किंवा एक्सेलमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि माणसाला वाटतं गेलं सगळं. मग प्रत्येक फोल्डरमध्ये 'टीप' नावाची एक साधी मजकुराची फाईल करून तिच्यात त्या अल्बमची टीप ठेवली. हे काम काकांच्या पुतणीनं केलं, आठवडाभर रोज थोडं थोडं. करता करता तिला पाणी उतरल्याच्या आठ-दहा नोंदी सापडल्या, पळसनाथाच्या देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आहे ते काकांनी दर वेळी लिहून ठेवलं होतं. ती यादी आम्ही कागदावरही छापली. भिगवणला कागदाचा कारखाना आहे, तेव्हा कागदाची चिंता नव्हती. छापलेल्या प्रती मागे टेबलावर ठेवल्यात, जाताना बघा. कुणाकडे त्याच दिवसांचे फोटो असतील तर तारीख घालून आम्हाला द्या.